दूरदेशीचा अमेरिकन आणि चुकलेले विवरणपत्र

बहुतेक सरकारे माणूस कोठे राहतो हे पाहून प्राप्तिकर आकारतात. अमेरिका मात्र नागरिकत्व पाहते. यादवी युद्धाच्या काळात रुजलेली ही रीत आजही चालू आहे. अमेरिकेत जन्मून चौथ्या वर्षी आईबापांबरोबर पुण्याला परतलेला मुलगा येथेच नोकरीला लागला, तरी तिकडच्या कायद्याने तो अमेरिकन करदाताच. अशी मुले आपल्यापैकी काहींच्या नात्यात असतील.

कोणी म्हणेल, दोन्हीकडे कर भरायचा की काय? सहसा नाही. परदेशी मिळविलेले वेतन काही मर्यादेपर्यंत वगळता येते. २०२५ सालासाठी ही मर्यादा १,३०,००० डॉलर होती. शिवाय येथे भरलेल्या कराची तेथे वजावट मिळते. पण सवलत मागावी लागते, घरी चालत येत नाही.

खरा फास दुसऱ्याच कागदात आहे. १९७० च्या एका कायद्यान्वये, परदेशी बँकांतील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्या खात्यांची माहिती निराळी कळवावी लागते, मग कर एक पैसा देणे नसो. आईबरोबरचे जोडखाते, बँकेतील मुदतठेव, सारे त्यात आले.

रुमानियात जन्मलेले बिटनर अमेरिकन नागरिक झाले आणि १९९० साली मायदेशी परतले. तेथे त्यांनी धंदा उभारला. ही माहिती कळवायची असते हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांचे म्हणणे. पाच वर्षांची पत्रके उशिरा गेली. सरकारने प्रत्येक वर्षाचे प्रत्येक खाते निराळे मोजले, गुन्हे २७२ धरले आणि २७ लाख २० हजार डॉलर दंड ठोकला! २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी ठरविले की, बुद्धिपुरस्सर नसलेल्या कसुरीचा दंड पत्रकामागे लागतो, खात्यामागे नाही. दंड ५०,००० वर आला. एका न्यायाधीशाचे मत फिरते तर? ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

साधी चूक असेल तर १०४०-एक्स या नमुन्यावर दुरुस्त विवरणपत्र द्यावे. जादा भरलेला कर परत हवा असल्यास मुदत साधारणपणे तीन वर्षांची. वर्षानुवर्षे काहीच भरले नसेल, तर बाहेर राहणाऱ्यांसाठी एक सुलभ वाट आहे. तीन वर्षांची विवरणपत्रे, सहा वर्षांची खातेपत्रके आणि चूक जाणूनबुजून केली नाही असा सहीचा खुलासा दिला, की दंड माफ होतो. कर व व्याज निघाल्यास भरावे लागते. सरकारी तपासणी सुरू झाली की मात्र ही वाट बंद. खुलासा खोटा असेल तर तोच गळ्याशी येतो. आरोपपत्राला उत्तर लिहिताना कामगाराला आम्ही सांगतो तेच येथे लागू: घडले तेवढेच लिहा, प्रत ठेवा.

कर वाढविण्याची अंतिम नोटीस आलीच, तर अमेरिकेतल्याला कर न्यायालयात जाण्यास ९० दिवस मिळतात, परदेशी पत्त्यावरच्याला १५०. शेवटची तारीख नोटिशीतच छापलेली असते. नोटीस सरकारदप्तरी असलेल्या शेवटच्या पत्त्यावर जाते आणि हाती पडली नाही तरी लागू धरली जाते. म्हणून बिऱ्हाड बदलले की ८८२२ क्रमांकाच्या नमुन्यावर नवा पत्ता कळवावा.