गळवाल्याचा चाकू

गुंजी-खानापूरकडे मलप्रभेवर गळ टाकणाऱ्याला घडीच्या चाकूचं सहा-सात सेंटिमीटरचं पातं पुरतं: दोरी तोडायला, आमिष कापायला, लहान मासा साफ करायला. इथल्या पावसात पातं स्टेनलेसचंच हवं. कार्बन स्टीलला धार सुरेख लागते, पण ओलं राहिलं की रात्रीत गंज धरतो. लाकडी मूठ भिजून फुगते आणि पातं उघडता उघडत नाही. खरबरीत प्लास्टिकची बरी. पातं उघडल्यावर खटक्याने घट्ट बसत नसेल, तर कितीही स्वस्त मिळो, घेऊच नये. बुळबुळीत हाताने दाब देताना ते बोटांवर मिटतं. घरी आल्यावर बिजागरीतले खवले धुऊन, कोरडं करून खोबरेलाचा थेंब सोडावा. जवळच्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र मासेमारीला बंदी आहे.