कवचाचा ‘श्वास’
आता आपण सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरस-14 कडे वळूया. याच्या कवचात चार प्रकारची प्रथिनं असतात, प्रत्येकाच्या 60 प्रती. 1985 मध्ये क्ष-किरणांनी मिळालेल्या रचनेत व्हीपी-4 हे प्रथिन सर्वांत आत दिसलं. पण स्फटिकातली रचना म्हणजे स्थिरचित्र. त्यात हालचाल कशी दिसणार? 1998 मध्ये संशोधकांनी अखंड विषाणूवर प्रथिनं कापणारी विकरं सोडली आणि तुकड्यांचं वस्तुमान मोजलं. सुरुवातीच्याच तुकड्यांत आतल्या व्हीपी-4 चे तुकडे निघाले! म्हणजे कवच क्षणभर उघडतं आणि पुन्हा मिटतं. यालाच आपण विषाणूचा ‘श्वास’ म्हणतो. कवचाच्या खाचेत बसणारं औषध दिल्यावर मात्र ही कापाकापी खूपच कमी झाली. औषध बसतं एका खाचेत, पण अख्खं कवच घट्ट होतं. म्हणून रचनेइतकीच लवचिकताही अभ्यासायला हवी.