चेटकिणींचं संग्रहालय आतून कसं चालतं?



चेटकीण म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती टोकदार टोपी, झाडू आणि काळं मांजर. वर्गात कुणी हा विषय काढला तर आपण बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर हसून सोडून देतो, नाहीतर "असलं काही नसतं, गप्प बसा" असं म्हणून विषय बंद करतो. दोन्हींत मुलाचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

इंग्लंडमध्ये एक छोटंसं संग्रहालय गेली कित्येक वर्षं हाच विषय घेऊन बसलं आहे. तिथे कुणाला हसत नाहीत आणि कुणाला घाबरवतही नाहीत. ते हे कसं जमवतात, पडद्यामागे कोणती कामं चालतात आणि त्यातून आपण शिक्षकांनी काय घ्यावं, ते आज पाहू.

संग्रहालय आलं कुठून?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तिथल्या बॉसकॅसल या लहानशा बंदराच्या गावात, अगदी नदीकाठी, हे संग्रहालय उभं आहे. नाव 'म्युझियम ऑफ विचक्राफ्ट अँड मॅजिक'. संग्रहात सुमारे ३,००० वस्तू आहेत आणि अभ्यासकांसाठी सुमारे ७,००० पुस्तकांचं ग्रंथालय आहे.

ते सुरू केलं सेसिल विल्यमसन या गृहस्थांनी. पूर्वी ते चित्रपटाच्या धंद्यात होते. १९५१ साली त्यांनी आयल ऑफ मॅन या बेटावरच्या कॅसलटाउन गावात संग्रहालय उघडलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने चेटूकविषयक १७३५ चा जुना कायदा रद्द केला. पुढे संग्रहालयाचं बिऱ्हाड हलत राहिलं. आधी विंडसर, मग बोर्टन-ऑन-द-वॉटर आणि शेवटी १९६० मध्ये बॉसकॅसल. असला विषय आपल्या गावात नको, असं म्हणणारी माणसं विल्यमसन यांना वाटेत भेटली. विषय कुठलाही असो, शेजाऱ्यांना भीती वाटली की काय होतं याचा अनुभव या संग्रहालयाने स्वतःच घेतला आहे!

१९९६ मध्ये, ३१ ऑक्टोबरच्या म्हणजे हॅलोविनच्या मध्यरात्री, ते ग्रॅहम किंग यांनी विकत घेतलं. २०१३ पासून त्याची सूत्रं सायमन कॉस्टिन यांच्याकडे आली.

दार बंद असतं तेव्हा

अशी लहान संग्रहालयं पर्यटकांच्या हंगामात उघडी असतात आणि हिवाळ्यात बंद. आपल्याला वाटेल, चला, सुट्टी लागली. पण खरी कामं तेव्हाच सुरू होतात.

पहिलं काम किड्यांचं. बाहुल्या कापडाच्या, ताईत चामड्याचे, झाडू लाकडाचे, कुठे लोकर, कुठे पिसं, कुठे केस. म्हणजे कसर, भुंगेरे आणि वाळवीसारख्या किड्यांना मेजवानीच. मग कोपऱ्याकोपऱ्यांत चिकट सापळे ठेवायचे, कोणता किडा किती सापडला ते लिहून ठेवायचं. एखाद्या कापडी वस्तूला कीड लागली तर ती पिशवीत हवाबंद करून उणे ३० अंशांच्या फ्रीझरमध्ये काही दिवस ठेवतात. कीडही मरते, अंडीही मरतात आणि औषध फवारावं लागत नाही.

दुसरं काम दमटपणाचं. समुद्राकाठी हवा ओलसर आणि खारी. जास्त ओल झाली की बुरशी येते आणि लोखंडी खिळे गंजतात. फार कोरडं झालं की लाकूड तडकतं. म्हणून हवेतली आर्द्रता रोज मोजायची.

तिसरं उजेडाचं. जुन्या रंगीत कापडावर ५० लक्सच्या आसपासच प्रकाश चालतो. एवढा उजेड म्हणजे वर्गातल्या उजेडाच्या जेमतेम पाचवा-सहावा भाग. त्यामुळे अशा दालनांतल्या अंधुक उजेडामागे नुसती भीती दाखवायची हौस नसते, कापडाचा रंग उडू नये हेही एक कारण असतं. मुलांना हे सांगून पाहा, त्यांना फार गंमत वाटते.

आणि चौथं काम नोंदणीचं. प्रत्येक वस्तूला क्रमांक. ती कशाची आहे, लांबी-रुंदी किती, कुठून आली, कुणी दिली, कधी दिली, हे सगळं लिहायचं. ज्या वस्तूची नोंद नाही तिची गोष्टही हरवते.

सगळ्यात अवघड काम: चिठ्ठी लिहिणं

किडे, ओल, उजेड यांचे नियम ठरलेले आहेत. पण काचपेटीतल्या वस्तूखाली जी चिठ्ठी लावायची, तिला नियम नाही. समजा, टाचण्या टोचलेली एक कापडी बाहुली आहे. खाली काय लिहाल?

"या बाहुलीने शत्रूला आजारी पाडता येते" असं लिहिलं तर ते खोटं. "अडाणी लोकांची अंधश्रद्धा" असं लिहिलं तर पाहणारा नाक मुरडून पुढे जातो, तो काही शिकत नाही. मग उरतं ते असं: ही बाहुली कुणीतरी शिवली, तिला टाचण्या टोचल्या आणि असं केल्याने अमुक घडेल असं त्या माणसाला वाटत होतं. एवढंच सांगायचं, पण नेमकं सांगायचं.

बॉसकॅसलच्या संग्रहालयाने यात एक फार चांगली पद्धत ठेवली आहे. विल्यमसन यांनी आपल्या वस्तूंबद्दल स्वतः मजकूर लिहून ठेवला होता. त्यांना गोष्ट रंगवून सांगायची आवड होती. पुढच्या लोकांनी तो मजकूर पुसला नाही. संग्रहाच्या यादीत विल्यमसन काय म्हणाले ते त्यांच्या नावाने वेगळं दिलेलं असतं आणि वस्तूबद्दल पुढे कळलेली माहिती वेगळी. म्हणजे ऐकलेली गोष्ट एकीकडे, तपासलेली माहिती दुसरीकडे. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात.

मला वाटतं, इतिहास शिकवण्याची अर्धी युक्ती इथेच आहे. कोण म्हणालं आणि कशावरून म्हणालं, हे मुलाला वेगवेगळं दिसलं पाहिजे.

एका बाटलीची गोष्ट

अशा संग्रहांत हमखास आढळणारी वस्तू म्हणजे 'चेटकिणीची बाटली'. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दाढीवाल्या माणसाचा चेहरा कोरलेले मातीचे भाजलेले बुधले मिळत. घरात कुणी आजारी पडलं आणि कुणी तरी चेटूक केलंय असा संशय आला, की असा बुधला घ्यायचा, त्यात आजाऱ्याची लघवी, वाकवलेल्या टाचण्या, खिळे, केस घालायचे आणि चुलीखाली किंवा उंबऱ्याखाली पुरायचा. यामुळे चेटूक करणाऱ्यालाच त्रास होईल आणि आजारी माणूस सुटेल, अशी समजूत होती.

लंडनच्या ग्रिनिच भागात २००४ साली अशी एक बाटली बूच जसंच्या तसं असलेली सापडली. हलवली की आत काहीतरी खुळखुळत होतं. ती लगेच फोडली नाही. आधी क्ष-किरणांनी आत पाहिलं, मग सुईने द्रव काढून प्रयोगशाळेत तपासला. आतली लघवी माणसाची निघाली. तिच्यात तंबाखूतल्या निकोटिनचा अंश होता. सोबत टाचण्या, खिळे, केस, कापलेली नखं, गंधक आणि हृदयाच्या आकाराचा चामड्याचा तुकडा.

आता विचार करा. बाटलीने आजार बरा झाला का? नाही. पण तिने आपल्याला एक खरा माणूस दाखवला. तो तंबाखू ओढायचा, त्याने आपली नखं कापून आत घातली आणि तो कशाला तरी फार घाबरला होता. भुताखेताचा पुरावा त्या बाटलीत नव्हता, माणसाच्या भीतीचा मात्र होता.

बाटलीपासून फासापर्यंत

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती फारच गोड होईल. बाटली पुरणाऱ्याच्या मनात एक शेजारी असायचा, "हिनेच केलं" असं वाटणारी कुणीतरी बाई असायची. भीती बाटलीत मावली तोवर ठीक. ती माणसावर गेली की काय होतं?

कॉर्नवॉलला लागूनच डेव्हन परगणा आहे. तिथल्या बिडफर्ड गावच्या टेम्परन्स लॉइड, मेरी ट्रेम्बल्स आणि सुझॅना एडवर्ड्स या तीन गरीब बायकांवर १६८२ साली चेटकाचा आरोप झाला. शेजारच्या बायकांचं आजारपण त्यांच्यामुळे आलं म्हणे. पुरावा म्हणून जे पुढे आलं त्यात खिडकीशी फडफडलेल्या एका मॅगपाय पक्ष्याचीही गोष्ट होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिघींना एक्सेटरला फाशी दिली. चेटकासाठी इंग्लंडमध्ये झालेल्या अगदी शेवटच्या फाशींपैकी ह्या.

इथे आपल्याही डोक्यातल्या दोन समजुती दुरुस्त करून घेऊ. एक, इंग्लंडमध्ये चेटकिणींना जाळत असत हे बरोबर नाही, तिथल्या कायद्यात या गुन्ह्याला फाशी होती. स्कॉटलंडमध्ये आणि युरोपात इतरत्र जाळण्याचे प्रकार झाले. दोन, लाखो-कोटी बायका मारल्या गेल्या असे आकडे फिरतात. इतिहासकार संपूर्ण युरोपाचा अंदाज साधारण ४० ते ६० हजार असा देतात आणि त्यात पुरुषही होते. आकडा लहान झाला म्हणून अन्याय लहान होत नाही. पण खोटा आकडा सांगून खरा अन्याय शिकवता येत नाही.

मृतदेहाला काचपेटीत ठेवावं का?

संग्रहालयात एक मानवी सांगाडा बरीच वर्षं मांडलेला होता. तो बॉडमिनच्या तुरुंगात १८१३ साली वारलेल्या जोन वाइट नावाच्या बाईचा आहे, असं सांगितलं जाई. लोक तो पाहायला मुद्दाम यायचे. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने तो फायद्याचाच.

तरीही ग्रॅहम किंग यांच्या काळात ठरलं की हे बरोबर नाही. १९९८ मध्ये तो सांगाडा गावाबाहेरच्या रानात पुरला आणि तिथे स्मरणाचा दगड बसवला. वस्तू आणि माणूस यांतली रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांनाही सुटलेला नाही. एका लहानशा संग्रहालयाने गर्दी खेचणारी गोष्ट सोडून देऊन आपल्यापुरतं उत्तर दिलं. आठवी-नववीच्या मुलांना हा प्रश्न विचारून बघा. तासभर चर्चा चालेल.

नदी घरात शिरली

१६ ऑगस्ट २००४. काही तासांत डोंगरावर प्रचंड पाऊस झाला आणि बॉसकॅसलची नदी गावातून धावली. मोटारी समुद्रात वाहून गेल्या. सुमारे शंभर माणसांना हेलिकॉप्टरनी उचलावं लागलं, पण कुणाचाही जीव गेला नाही. नदीकाठच्या संग्रहालयाचा खालचा मजला चिखलाने भरला.

भिजलेली वस्तू वाचवणं म्हणजे घड्याळाशी शर्यत. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. स्वच्छ पाण्याने हलकेच चिखल काढायचा, उन्हात न टाकता सावलीत हळूहळू सुकवायचं आणि चिठ्ठी वस्तूपासून सुटू द्यायची नाही. पुढच्या वर्षी संग्रहालय पुन्हा उघडलं. ते मंत्राने उघडलं नाही, बादल्या, फडकी आणि गावकऱ्यांच्या हातांनी उघडलं.

आपल्या वर्गात काय करता येईल?

मुलांना घरातली एखादी अशी वस्तू आणायला सांगा किंवा तिचं चित्र काढायला सांगा: काळा दोरा, दारावरचं लिंबू-मिरची, गाडीला बांधलेली काळी बाहुली, आजीने बाळाला घातलेली वाकी. मग प्रत्येकाने वस्तूखाली चिठ्ठी लिहायची. प्रश्न पाचच:

१. ही वस्तू कशाची बनली आहे?
२. ती कुणी, कधी वापरली?
३. वापरणाऱ्याला कशाची भीती किंवा कशाची आशा होती?
४. तिने काय होतं असं लोक म्हणतात आणि आपण काय तपासू शकतो?
५. या भीतीमुळे कुणा माणसाला त्रास झाला का?

पहिल्या तीन प्रश्नांत आजीचा मान राहतो. चौथ्यात विज्ञान येतं. पाचवा सगळ्यात महत्त्वाचा. बाळाच्या हातातल्या काळ्या मण्यावर घरात हसतखेळत बोलता येतं. पण "ही बाई करणी करते" असं म्हणून कुणाला वाळीत टाकणं, मारणं, हा आपल्याकडे गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि त्यात सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे मुलांना माहीत असायलाच हवं.

पालकांना एक विनंती. मुलाने "आई, चेटकीण खरंच असते का?" असं विचारलं तर नुसतं "नसते" म्हणून थांबू नका. "चेटकीण नसते, पण तिला घाबरणारी माणसं खरी होती आणि त्या भीतीने जिचा जीव गेला ती बाईही खरी होती" असं सांगा. मूल पुढचा प्रश्न विचारेल. तो नक्की ऐकून घ्या.