सांगणारा, लिहिणारा आणि तपासणारा

नेवाशात प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरांनी ओव्या सांगितल्या आणि सच्चिदानंदबाबांनी त्या लिहून घेतल्या, शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 साली. आज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळेत गुरुजी श्रुतलेखन घेतात तेव्हाही रीत तीच असते: एकाने सांगायचे, दुसऱ्याने कानावर विसंबून लिहायचे.

घरी मात्र श्रुतलेखन म्हणजे दहा अवघड शब्द आणि दहापैकी गुण, एवढेच उरते. सुटा शब्द लिहिताना मुलाला मनात काही धरून ठेवावे लागत नाही, वाक्य लिहिताना लागते. लेखन सुधारते ते त्या धरून ठेवण्याने.

म्हणून आधी वाचून झालेला चार-पाच ओळींचा उतारा घ्या. तो एकदा सावकाश, सलग वाचा. तेव्हा पेन्सिल खाली. मग अर्थ लागेल असे तुकडे सांगा: ‘उसाने भरलेला ट्रॅक्टर’, ‘राहुरीच्या रस्त्याने’, ‘कारखान्याकडे निघाला.’ तुकडा पुरा ऐकल्यावरच लिहायचे. दोनदाच सांगा, तिसऱ्यांदा ऐकायला मिळणार हे कळले की मूल पहिल्यांदा कान देत नाही. शेवटी पुन्हा सगळे वाचा, गाळलेले शब्द तेव्हा भरून निघतात. बोला मात्र नेहमीसारखे. मदत म्हणून ‘पाथ-र-डी’ असे तोडून सांगितलेत, तर ‘पाथर्डी’चा रफार वहीत येणार कसा?

खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. इथे कान फारसा उपयोगी पडत नाही, नियम पडतो. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे ‘ऊस’, ‘फूल’, ‘गरीब’ यांतला शेवटून दुसरा स्वर दीर्घ. प्रत्यय लागताना तो ऱ्हस्व होतो: उसाला, फुलाला, गरिबाला. ‘शरीर’सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून ‘शरीराला’. नियम पाठ करून घेण्यापेक्षा ‘ऊस’ आणि ‘उसाला’ एकाच उताऱ्यात आणा. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने तसेच लिहिले, तर हसू नका. त्याने ऐकण्यात चूक केलेली नाही. बोलीतला शब्द आणि छापील शब्द शेजारी लिहून दाखवा.

तपासणी मुलानेच करावी, पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून. हा भाग बहुतेक पालक स्वतःच उरकतात आणि श्रुतलेखनाचा निम्मा फायदा घालवतात. ज्ञानेश्वरीच्या नकलांतही पाठभेद शिरलेच होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. वहीतल्या चुकांना तीनशे वर्षांची मुदत नको, त्याच बैठकीत त्या सापडल्या पाहिजेत.

लाल शाईचे गुण मात्र देऊ नका. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावण्याऐवजी पुढच्या आठवड्याच्या उताऱ्यात नव्या वाक्यात घाला आणि न सांगता पुन्हा विचारा.