एजंट म्हणतो "काम झालं". पण झालं का?



मागच्या व्हिडिओत आपण एआय एजंटला काम कसं सोपवायचं ते बघितलं. एजंट म्हणजे नुसता उत्तर देणारा चॅटबॉट नाही. तो स्वतः वेबसाइट उघडतो, शीट भरतो, फाइल बनवतो, मेलही पाठवतो. आणि शेवटी छानपैकी लिहितो, "काम पूर्ण झाले आहे."

इथेच बहुतेक जण फसतात. ते वाक्य म्हणजे पुरावा नाही. बाकीचा मजकूर जसा एजंटने तयार केला, तसंच हे वाक्यही त्यानेच तयार केलेलं असतं. "पूर्ण" म्हणजे नेमकं काय, हे आपण आधी सांगितलं नसेल तर तो त्याच्या अंदाजाने ठरवतो.

हे आपल्याला नवीन नाही

आपल्या गोंदियातलंच उदाहरण घ्या. तेंदूपत्ता तोडणारा माणूस संकलन केंद्रावर जाऊन "आज भरपूर पानं आणली" असं सांगून पैसे मागत नाही. पुडा ७० पानांचा, आणि १,००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. आकडा ठरलेला आहे. फाटकं, किडलेलं पान चालत नाही, म्हणजे दर्जाही ठरलेला. आणि मोजून घेतो तो मुन्शी, तोडणारा नाही.

राईस मिलचंही तसंच. शासनाने खरेदी केलेलं धान भरडाईला गेलं, की अरवा तांदूळ क्विंटलमागे ६७ किलो जमा करावा लागतो. वजन होतं, प्रत तपासली जाते. "भरडाई एकदम मस्त झाली" या शब्दांवर कोणी गाडी उतरवून घेत नाही.

दोन्हीकडे तीनच गोष्टी आहेत: मोजता येणारा आकडा, ठरलेला दर्जा आणि तपासणारा दुसरा माणूस. एजंटलाही हेच लावायचं.

उदाहरण १: दुकानांची यादी

समजा तुम्ही एचएमटी तांदळाची ५ किलोची पाकिटं विकायला काढली आणि एजंटला सांगितलं, "गोंदिया जिल्ह्यातल्या चांगल्या किराणा दुकानांची यादी कर." चांगल्या म्हणजे कोणत्या? किती? यादी येईल, पण ती बरोबर की चूक हे ठरवायला तुमच्याकडे मापच नाही.

आता असं सांगून बघा:

- गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या ८ तालुक्यांतली प्रत्येकी ५ दुकानं.
- प्रत्येक ओळीत नाव, पत्ता, पिनकोड, फोन आणि माहिती जिथून घेतली त्या पानाची लिंक.
- फोन १० आकडी. एकच नंबर दोनदा नको.
- पिनकोड ४४१ ने सुरू झालाच पाहिजे.
- सापडलं नाही तर "सापडलं नाही" लिही. अंदाजाने भरू नकोस.
- शेवटी तालुक्यानुसार किती सापडली, किती नाही, ते दे.

पिनकोडची अट का? कारण गोरेगाव मुंबईतही आहे. तिथले पिनकोड ४०० ने सुरू होतात. ही एक ओळ नसेल तर मुंबईची दुकानं तुमच्या यादीत येऊन बसतील आणि आकडा मात्र बरोबर दिसेल.

"सापडलं नाही" लिहायची मोकळीकही तितकीच महत्त्वाची. फक्त "४० दुकानं पाहिजेत" म्हटलं तर ४० ओळी भरण्यासाठी खोटे नंबरही येऊ शकतात. आकडा भरला म्हणजे काम झालं असं नाही.

म्हणून शेवटची तपासणी तुमची. कोणत्याही ५ ओळी निवडा, लिंक उघडा, फोन लावा. एक जरी बनावट निघाली तर पूर्ण यादी परत पाठवा. आणि "तूच तपास" म्हणून त्याच एजंटवर सोडू नका. तोडणाऱ्यालाच मुन्शी करायचं नसतं.

उदाहरण २: लेबल आणि बिल

इथे चूक झाली तर थेट खिशाला बसते. हजार पाकिटं छापून झाल्यावर कळलं की एक ओळ राहिली, तर खर्च तुमचा आणि कायद्याने जबाबदारीही तुमचीच.

लेबलसाठी यादी द्या: निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, १४ आकडी एफएसएसएआय नंबर. प्रत्येकापुढे "आहे" किंवा "नाही". सगळे "आहे" झाल्याशिवाय आणि तुम्ही स्वतः परवान्याचा कागद हातात धरून नंबर जुळवल्याशिवाय छपाई नाही.

बिलासाठी उत्तर माहीत असलेलं गणित द्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी आहे. कर सोडून ३०० रुपयांची २० पाकिटं म्हणजे ६,००० रुपये, कर ३००, एकूण ६,३००. एजंटच्या शीटमध्ये ६,३०० आलंच पाहिजे. नाही आलं तर काम अपूर्ण.

जे मोजता येत नाही त्याचं काय?

जाहिरातीचा मजकूर मनाला भिडतो का, हे आकड्यात बसत नाही. तिथे अट अशी ठेवा: "तीन नमुने बनव, प्रत्येकी ५० शब्दांच्या आत, किंमत आणि फोन नंबर पाहिजेच. माझ्या मंजुरीशिवाय कुठेही पाठवू नकोस." निवड माणसाची.

आजचा गृहपाठ

एजंटला देणार असलेलं एक काम घ्या. काम सांगण्याआधी कागदावर लिहा, "हे झालं असं मी कधी म्हणेन?" मग ती ओळ घरातल्या दुसऱ्या कोणाला वाचायला द्या. तुम्हाला न विचारता त्याला तपासता आलं तर अट पक्की. त्याने "म्हणजे काय?" विचारलं तर एजंटही तिथेच अडखळणार. ओळ पुन्हा लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!