वीत आणि चार बोटं

पुण्यात बिबवेवाडीतली पाच फुटांची एखादी बाई दहा लाख पटींनी मोठी झाली आणि पाय इथेच ठेवून आडवी झाली, तर तिचं डोकं जवळपास कोलकात्यापर्यंत पोचेल. तिची लांबी सुमारे १,५०० किलोमीटर. तिचा एकेक केस पंचवीस मजली इमारतीच्या उंचीएवढा जाड.

या मापात नॅनोमीटरचा मिलिमीटर होतो. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये करोना विषाणूचं चित्र प्रसिद्ध केलं. त्यातला कण ७५ नॅनोमीटरचा, म्हणजे आपल्या मापात चार बोटं. आणि प्रकाशाची नजर? उत्तम भिंगातूनही सुमारे २०० नॅनोमीटर, जवळपास वीतभर. त्याहून जवळचे दोन ठिपके मिळून एकच डाग दिसतो. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी ही मर्यादा १८७३ सालीच मांडली होती. संस्थेला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरावा लागला, तो म्हणूनच.

गंमत अशी, की बारीक तपशील प्रकाशात असतो. पण तो वस्तूला बिलगलेल्या लहरींत असतो आणि दोन-चार बोटांतच विझतो. भिंगापर्यंत पोचतच नाही. २००० साली भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांनी गणितातून सुचवलं, की मध्ये चांदीचा पातळ पापुद्रा ठेवा. चांदीतले मोकळे इलेक्ट्रॉन एकदम झुलू लागतात, त्या झुलण्याला प्लाझ्मॉन म्हणतात, आणि विझत चाललेली लहर पुन्हा उचल खाते.

२००५ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या शिआंग झांग यांच्या गटाने ते करून दाखवलं. पापुद्रा ३५ नॅनोमीटरचा, जेमतेम दोन बोटं. काजूकतलीवरचा वर्ख त्याच्यापुढे गोधडी! ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात त्यांनी ‘नॅनो’ हा शब्द उमटवला. मूळ रेघ ४० नॅनोमीटर रुंद. चांदीशिवाय ती पसरून ३२१ झाली, दीड वीत. चांदीतून ८९, पाच बोटांच्या आत.

मात्र हे चित्र चांदीला चिकटलेल्या थरातच उमटलं होतं. ते वाचायला सुईच्या टोकाने पृष्ठभाग चाचपणारं यंत्र लागलं. प्रकाशाने काढलेलं चित्र आंधळ्यासारखं चाचपून! २००७ मध्ये त्याच गटाने चांदीचे आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचे थर पन्हाळीसारखे वळवले. एकमेकींपासून १५० नॅनोमीटरवरच्या दोन रेघा त्यातून बाहेर पडताना ३५० नॅनोमीटर लांब गेल्या. वितेपलीकडे. मग साधा सूक्ष्मदर्शकही पुरला.