केस पेपर आणि मेडिक्लेम

भारतातील आरोग्यविम्याची घडण मुळात रुग्णालयाच्या खर्चासाठी झालेली आहे. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ बाजारात आणला, तेव्हापासून रुग्ण किमान २४ तास दाखल असावा ही अट बहुतेक पॉलिसींच्या मुळाशी राहिली आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डायलिसिस किंवा केमोथेरपी यांसारख्या, प्रगत तंत्रामुळे काही तासांत उरकणाऱ्या उपचारांना ‘डे-केअर’ म्हणून तेवढी सूट मिळते. साहजिकच वर्षभर ज्या दवाखान्यात कुटुंबाची ये-जा असते, तेथील तपासणी फी, गोळ्या-औषधे आणि रक्ताच्या चाचण्या हा ‘ओपीडी’चा, म्हणजे बाह्यरुग्ण सेवेचा खर्च ठरतो आणि तो सामान्यतः घरच्यांनाच करावा लागतो. त्यामुळे फॅमिली डॉक्टरचा विम्याशी काही संबंध नाही असा समज रूढ झाला असला, तरी दवाखान्याचे बिल विम्याच्या बाहेर राहिले तरी दवाखान्यातील नोंद मात्र विम्याच्या आत असते, आणि मोठ्या दाव्याचा निकाल पुष्कळदा तिच्यावरच अवलंबून राहतो.

याचे पहिले कारण म्हणजे ‘पूर्वीपासून असलेला आजार’ ही विम्यातील संकल्पना. विमा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘इर्डाय’च्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचे डॉक्टरांनी निदान केले असेल, किंवा ज्यावर उपचार सुचवले वा घेतले गेले असतील, तो आजार या व्याख्येत बसतो आणि त्याच्या उपचारांसाठी कंपनीला जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ लावता येतो. अपघात वगळता अन्य आजारांसाठी सुरुवातीचे ३० दिवस, आणि हर्निया, मोतीबिंदू, सांधेरोपण अशा ठरावीक उपचारांसाठी बहुधा २४ महिने थांबावे लागते, ते वेगळेच. म्हणून प्रस्ताव अर्ज भरताना एजंटच्या भरवशावर सगळीकडे ‘नाही’ अशी खूण करण्याऐवजी दवाखान्यातील जुने कागद समोर ठेवून रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांची माहिती लिहिणे हिताचे असते. कारण माहिती दडवल्याचे उघड झाले तर दावा फेटाळला जाऊ शकतो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर मात्र सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही.

प्रत्यक्षात वाद उद्भवतो तो रुग्णालयात लिहिल्या जाणाऱ्या एका ओळीमुळे. रुग्णाला दाखल करून घेताना निवासी डॉक्टर नातेवाइकांना पूर्वीचे आजार विचारतात. घाबरलेला मुलगा ‘शुगर असेल सात-आठ वर्षांपासून’ असे अंदाजाने सांगून टाकतो आणि तेच वाक्य पुढे डिस्चार्ज कार्डावर उतरते. पॉलिसी पाच वर्षांहून कमी काळाची असेल, तर अर्जात न सांगितलेल्या आजाराचा पुरावा म्हणून त्याच ओळीवर बोट ठेवले जाते. अशा वेळी मधुमेहाचे निदान खरोखर कधी झाले, पहिला रिपोर्ट कोणत्या तारखेचा होता आणि गोळी कधी सुरू झाली, हे दाखवणारा फॅमिली डॉक्टरांचा तारीखवार केस पेपर हाच भक्कम पुरावा ठरतो.

तरीही हा पुरावा दवाखान्यात कायम सुरक्षित राहील असे गृहीत धरता येत नाही. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेविषयीच्या २००२ च्या नियमांत तीन वर्षे नोंदी जपण्याचे बंधन दाखल रुग्णांच्या संदर्भात घातलेले आहे. रुग्णाने कागद मागितल्यास ते ७२ तासांत द्यावेत, असेही त्याच नियमांत सांगितले आहे. बाह्यरुग्णाची चिठ्ठी मात्र बहुतेक वेळा रुग्णाच्याच हाती दिली जाते, आणि ती औषधे आणून झाल्यावर टाकून देण्याची सवय घरोघरी आढळते. प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र फाइल करून तीत चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि पावत्या तारखेच्या क्रमाने लावणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

दुसरा प्रश्न दाखल होण्याच्या कारणाचा असतो. केवळ तपासण्या करून घेण्यासाठी किंवा नुसत्या विश्रांतीसाठी रुग्णालयात राहिल्यास तो खर्च विम्यातून वगळला जातो. म्हणून रुग्णाला पुढे पाठवताना फॅमिली डॉक्टरांनी लक्षणे, प्राथमिक निदान आणि दाखल करण्याची गरज स्पष्टपणे मांडणारी चिठ्ठी दिली, तर ती उपचारांइतकीच दाव्यालाही उपयोगी पडते. दवाखान्याचा काही खर्च येथे परतही मिळू शकतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीचे ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस यांतील त्याच आजारासंबंधीचा खर्च समाविष्ट असतो, आणि इतर बहुतेक पॉलिसींतही अशीच तरतूद असते. मात्र त्यासाठी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेली फीची पावती, चाचणी सुचवणारी चिठ्ठी आणि औषधांचे पक्के बिल जोडावे लागते.

रुग्णालय निवडतानाही पॉलिसीतील मर्यादा माहीत असणे आवश्यक असते. समजा, विमा रक्कम ५ लाख रुपये आहे, खोलीभाड्याची मर्यादा तिच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे, आणि कुटुंबाने ८,००० रुपयांची खोली घेतली. येथे रोजचे वरचे ३,००० रुपये भरून विषय संपत नाही. प्रमाणशीर कपातीचे कलम असेल, तर सर्जनची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार यांसारख्या संलग्न खर्चालाही पाच-अष्टमांश हे प्रमाण लागू होते, आणि असा खर्च १,६०,००० रुपये असल्यास त्यापैकी १,००,००० रुपयेच मंजूर होतात. औषधे, इम्प्लांट आणि निदान-चाचण्या यांना ही कपात लावता येत नाही. कंपनीच्या यादीतील रुग्णालयात कॅशलेस सुविधा मिळते आणि तेथे पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात, तर घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे इर्डायने २०२४ मध्ये ठरवून दिले आहे.

दवाखान्याचा खर्च सामावून घेणाऱ्या व्यवस्थाही आहेत, पण त्यांची कक्षा मर्यादित आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठीच्या राज्य विमा योजनेत कामगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाच्या ३.२५ टक्के वर्गणीतून दवाखान्यापासून रुग्णालयापर्यंतची सेवा मिळते. याउलट महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही संलग्न रुग्णालयांतील ठरावीक उपचारांसाठी आहे आणि दवाखान्यातील नेहमीची तपासणी तीत येत नाही. आरोग्यविमा नसलेल्या ६० वर्षांवरील व्यक्तींना प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ५०,००० रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळते. मात्र हा खर्च रोखीने केलेला नसावा, त्यामुळे फॅमिली डॉक्टरांची फी ऑनलाइन भरून पावती घेण्याला येथे महत्त्व येते.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी दाद मागावी लागते, आणि महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये असून ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा ते विनाशुल्क देऊ शकतात. हा निवाडा मुख्यतः कागदपत्रांवर होतो, आणि ती कागदपत्रे वाद निर्माण झाल्यानंतर तयार करता येत नाहीत. म्हणून पॉलिसी निवडताना हप्त्याची तुलना जितक्या काळजीने केली जाते, तितक्याच काळजीने एकाच डॉक्टरांकडे सातत्याने जाणे आणि प्रत्येक भेटीची नोंद तारखेसह मागून घेणे, हा विमा वापरण्याचाच एक भाग मानला पाहिजे.